कोऱ्या डेनिमचे माप

कोऱ्या डेनिमची नवी पँट फळीवर उभी ठेवली तर बराच वेळ तशीच उभी राहते. कापडातील खळ अजून धुऊन निघालेली नसते, निळीचा रंग काळसर दिसतो आणि हात फिरवला की बोटांना निळसर छटा लागते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जीन्स कारखान्यातच धुतलेल्या, घासलेल्या आणि मुद्दाम जुन्या दिसाव्यात म्हणून फिक्या केलेल्या असतात. कोरी डेनिम त्यातील काहीही न करता, मागावरून उतरलेली आणि शिवलेली, अशी गिऱ्हाइकाच्या हाती येते. ती मऊ करणे, अंगाबरोबर बसवणे आणि फिकी करणे हे सारे काम नेसणाऱ्याने करायचे असते. या कामासाठी जगभर हजारो हौशी मंडळी दुप्पट-चौपट किंमत मोजतात. कापडाच्या धंद्यातील कुटुंबांना या हौसेचे नवल वाटेल, परंतु तिच्या मुळाशी असलेले प्रश्न त्यांच्या रोजच्या परिचयाचे आहेत: कापड किती आटेल, चिठ्ठीवरचे माप खरे किती आणि माल किती वर्षे टिकेल.

डेनिमच्या रंगाचे गुपित धाग्यात आहे. या कापडाचा ताणा निळीने रंगवलेला असतो आणि बाणा पांढरा राहतो. म्हणून कापडाची वरची बाजू निळी आणि आतली पांढुरकी दिसते. ताण्याचे धागे दोरासारखे एकत्र वळून निळीच्या हौदात अनेकदा बुडवतात. हौदातून वर येताना धागा पिवळट हिरवा असतो आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळा होतो. मात्र नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, ती वरच्या थरातच राहते. जिथे घर्षण होते तिथला थर निघून आतला पांढरा गाभा दिसू लागतो. जांघेजवळच्या सुरकुत्या, गुडघ्यामागची जाळी, खिशातील किल्ल्यांची आकृती हे सारे त्यामुळे कापडावर उमटते. दोन माणसांच्या पँटी एकाच ठाणातील असल्या, तरी वर्षभराने त्या एकसारख्या दिसत नाहीत. हौशी मंडळींना वेड आहे ते या फरकाचे.

इंग्रजी भाषेत जाड सुती कापडासाठी आणि त्याच्या कपड्यांसाठी 'डंगरी' हा शब्द रूढ आहे. तो मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून गेला, असे सांगितले जाते. खलाशी आणि मजूर ज्या भरड कापडाचे कपडे वापरत, त्याचे नाव आपल्या किनाऱ्यावरून जहाजातून परदेशी पोहोचले, ही गोष्ट मुंबईच्या कापडबाजाराशी नाते असलेल्यांनी जाणून ठेवण्याजोगी आहे.

जीन्सचा जन्म मात्र अमेरिकेतला, आणि तोही एका उधारीच्या नात्यातून झाला. नेव्हाडा प्रांतातील रीनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी तंबू, घोड्यांच्या झुली आणि मजुरांचे कपडे शिवत असे. त्याला लागणारे कापड सॅन फ्रान्सिस्कोतील लेव्ही स्ट्रॉस या घाऊक व्यापाऱ्याकडून येई. एका लाकूडतोड्याच्या पत्नीने नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली, तेव्हा डेव्हिसने झुलींसाठी आणलेली तांब्याची रिव्हेटे खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. ती पँट तीन डॉलरला गेली आणि लवकरच मागणी त्याच्या आवाक्याबाहेर वाढली. पेटंटचा खर्च एकट्याने पेलण्यासारखा नव्हता. म्हणून १८७२ मध्ये त्याने आपल्या कापड-व्यापाऱ्यालाच पत्र लिहून भागीदारी देऊ केली. २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. शिंप्याने युक्ती दिली, व्यापाऱ्याने भांडवल आणि पेठ दिली. पुढे पेटंटची मुदत संपली, तेव्हा रिव्हेट ठोकण्याची मुभा सर्वांना मिळाली.

त्या काळच्या पँटी धुतल्यावर आटत. मागावर कापड ताणून विणले जाते, पाण्यात गेले की तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ लांबीकडे परत येते. प्रक्रिया न केलेली डेनिम पहिल्या गरम धुण्यात आठ ते दहा टक्के आटू शकते. चौतीस इंच लांबीची पँट दहा टक्के आटली, तर जवळजवळ साडेतीन इंच कमी होतात. दुकानात टाचेपर्यंत आलेली पँट घरी घोट्याच्या वर चढते. या तक्रारीवर तोडगा काढला तो सॅनफर्ड क्लुएट यांनी. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या गावी कॉलर आणि शर्ट बनवणाऱ्या कंपनीत ते काम करीत. ओलसर कापड जाड पट्ट्यावर दाबून ते आधीच आटवून घेण्याची रीत त्यांनी काढली आणि १९३० च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून तिला 'सॅनफरायझिंग' म्हणतात. अशा कापडाची घट अगदी थोडी, साधारण एक ते तीन टक्क्यांची राहते.

येथे नव्या गिऱ्हाइकाची हमखास फसगत होते. 'कोरी' आणि 'न आटवलेली' हे दोन शब्द तो एकच समजतो. वस्तुतः बाजारातील बहुतेक कोरी डेनिम आधी आटवलेली असते. ती फक्त धुतलेली नसते, एवढेच. न आटवलेला माल थोडा असतो आणि त्याचे चाहते वेगळे असतात. पहिल्या प्रकारात आपल्या मापाचीच पँट घ्यावी. दुसऱ्या प्रकारात कमरेला एक-दोन इंच आणि लांबीला तीन इंच जादा धरून घ्यावी, मग ती गरम पाण्यात तासभर भिजवून, सावलीत वाळवून, त्यानंतरच लांबी कापून घ्यावी. क्रम उलटा केला, म्हणजे आधी कापून नंतर भिजवली, तर गेलेले कापड परत येत नाही. वीस-पंचवीस हजार रुपयांची वस्तू अशा रीतीने एका दुपारी निरुपयोगी होते. त्या दुपारी गिऱ्हाईक दुकानाला बोल लावतो, आणि दुकानदाराने हे आधी सांगितले नसेल तर तो बोल अगदीच अन्यायाचा म्हणता येणार नाही.

चिठ्ठीवरच्या आकड्याची कथा तर आणखी गमतीची आहे. गिऱ्हाइकाला आपण सडपातळ आहोत असे वाटावे म्हणून अनेक कंपन्या मोठ्या कमरेवर छोटा आकडा छापतात. २०१० मध्ये अमेरिकेतील 'एस्क्वायर' मासिकाने ३६ असे छापलेल्या काही पँटी मोजल्या, तेव्हा एका पँटीची कंबर चक्क ४१ इंच भरली. पाच इंचांचा हा फरक! मीटर आणि तराजू यांवर वर्षानुवर्षे सरकारी शिक्का घेणाऱ्या दुकानदाराला ही सवलत कधी मिळाली नसती. पुष्कळ जपानी उत्पादक मात्र खऱ्या मापाच्या जवळ राहतात. त्यामुळे 'मी बत्तीस घालतो' असे सांगणाऱ्या माणसाला त्यांची बत्तीसची पँट गुडघ्यावरही चढत नाही, आणि मग तो जपानी शिंप्यांना दोष देतो.

म्हणून जाणकार लोक आकडा विचारीत नाहीत, टेप मागतात. घरात जी पँट उत्तम बसते ती सपाट जागी पसरावी. कमरपट्ट्याच्या कडा जुळवून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. पुढच्या बटणापासून पायांच्या सांध्यापर्यंतची उंची, मागची उंची, सांध्याच्या एक इंच खालचा मांडीचा घेर, गुडघा, मोहरी आणि आतल्या शिवणीची लांबी, असे सात आकडे लिहून ठेवावेत. नव्या पँटीचे तेच सात आकडे मागून घ्यावेत. एक गोष्ट मात्र विसरू नये: कोऱ्या डेनिमची कंबर नेसता नेसता अर्धा-एक इंच सैल पडते, मांडीचा घेरही थोडा वाढतो, पण लांबी वाढत नाही. कंबर पहिल्या दिवशी किंचित घट्ट चालेल. मांडी घट्ट चालत नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य आणि जपानी पँटी खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी बेतलेल्या असतात. पेढीवर मांडी घालून बसणाऱ्याला, पंगतीत जमिनीवर जेवणाऱ्याला आखूड उंचीची आणि अरुंद मांडीची पँट जाचते, आणि जाचापेक्षा वाईट म्हणजे सांध्याजवळ फाटते. तेव्हा मागची उंची जास्त आणि मांडी सैल असलेला सरळ घाट निवडावा, आणि खरेदीपूर्वी दुकानातच एकदा मांडी घालून बसून पाहावे. लाजण्याचे कारण नाही. गादीवरच्या पांढऱ्या चादरीचा विचारही करावा, कारण पहिले काही महिने कोरी डेनिम जिथे बसेल तिथे निळा ठसा सोडते. गाडीची फिकट आसने आणि पांढरे बूट यांनाही हाच धोका असतो.

वजन हा डेनिमचा दुसरा मोठा विषय. ते एका चौरस वारात किती औंस यावर मोजतात. १४ औंसांचे कापड म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४७५ ग्रॅम. जपानमधील आयर्न हार्ट ही कंपनी मोटारसायकलस्वारांसाठी २१ औंसांच्या पँटी बनवते, आणि कॅनडातील एका कंपनीने ३२ औंसांपर्यंत मजल मारली. ती पँट बहुधा कौतुकाने पाहण्यासाठीच असावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ११ ते १३ औंस पुरेसे होतात. पावसाळ्यात त्याहून जाड पँट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो.

आता काठाविषयी. जुन्या धोट्याच्या मागावर कापड अरुंद, साधारण तीस इंच पन्ह्याचे निघते आणि त्याला दोन्ही बाजूंस पक्का विणलेला काठ असतो. पँटीची मोहरी दुमडली की लाल धाग्याचा हा काठ दिसतो आणि हौशी माणसाचे डोळे चमकतात. असे माग सावकाश चालतात, कापड कमी निघते, म्हणून किंमत चढते. मोठ्या जलद मागांमुळे अमेरिकेत ते जवळजवळ बंद पडले. ग्रीन्सबोरो येथील कोन मिल्सचा व्हाइट ओक कारखाना १९०५ मध्ये सुरू झाला होता, तो २०१७ च्या अखेरीस बंद झाला. जपानमध्ये मात्र ओकायामा प्रांतातील कोजिमा हे शालेय गणवेशांचे गाव जीन्सचे माहेर बनले आणि हिरोशिमा प्रांतातील काइहारा हे पारंपरिक निळीच्या विणकरांचे घराणे डेनिमकडे वळले. अमेरिकनांनी आपले जुने माग जपानला विकले, ही लोकप्रिय कथा खरी नाही. जपानमधले माग प्रामुख्याने तेथील टोयोडा घराण्याच्या कारखान्यातले होते. आणि काठ असला म्हणजे कापड जास्त टिकाऊ, हेही खरे नाही. टिकाऊपणा सुताच्या लांब तंतूवर, विणीवर आणि शिवणीवर ठरतो. काठ पाहून पैसे द्यावेत, पण टिकाऊपणासाठी ते दिले असे समजू नये.

आपल्या देशात डेनिमचे नाव घराघरांत नेले ते अहमदाबादच्या अरविंद मिल्सने. कस्तुरभाई लालभाई आणि त्यांच्या बंधूंनी १९३१ मध्ये ही गिरणी उभारली आणि १९८० च्या दशकात ती डेनिमकडे वळली. नव्वदच्या दशकात तिने 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेल्या जीन्सचा संच बाजारात आणला. त्यात पँटीचे कापड, चेन, रिव्हेटे आणि लेबल असे, शिवायचे काम गावच्या शिंप्याचे. मापाचा सारा घोळ त्याने एका फटक्यात मिटवला, कारण शिंपी माणसाला मोजत होता. आजच्या हौशींना हे अवश्य सांगावे.

चामडे न वापरणाऱ्या घरांनी मागच्या पट्ट्यावरची चिठ्ठी पाहून घ्यावी. महागड्या जपानी पँटींवर ती बहुधा गाईच्या किंवा हरणाच्या कातड्याची असते. लेव्हीजने १९५० च्या दशकात चामड्याऐवजी जाड कागदासारखी चिठ्ठी लावणे सुरू केले, तशी इतरांकडेही मिळते. कातडी चिठ्ठी शिंपी दोन मिनिटांत उसवून देतो, पण ती न घेतलेलीच बरी. पट्टा जाड कॅनव्हासचा घ्यावा, तो वर्षानुवर्षे टिकतो.

धुण्याविषयी हौशींमध्ये जुने भांडण आहे. सहा-सहा महिने पँट धुवू नये, म्हणजे रेषा ठळक उमटतात, असे एक पक्ष म्हणतो. रेषा उमटतात हे खरे, पण घाम आणि धूळ सुताला खातात, आणि ती न धुतलेली पँट नेमकी सांध्याजवळ विरते. आपल्या हवेत तर महिन्या-दोन महिन्यांनी उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि न पिळता सावलीत टांगावी. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने नीळ पक्की होत नाही, तो खर्च वाचवावा.

सांध्याजवळचे कापड विरळ होऊन पांढरे धागे दिसू लागले की लगेच रफू करून घ्यावे. आतून पातळ सुती कापडाचा तुकडा ठेवून त्याच निळ्या छटेच्या दोऱ्याने मशीनवर पुढे-मागे बारीक टाके घातले, तर पँट आणखी दोन-तीन वर्षे चालते. भोक पडेपर्यंत थांबले तर थिगळ लावावे लागते, आणि मांडी घालून बसताना ते टोचते.