मिशांची थट्टा, तलवारीला अभय

इंग्रजांच्या विनोदबुद्धीचे गोडवे गाताना व्हिक्टोरियाकालीन ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकाचा दाखला हमखास दिला जातो. टॉमस गिब्सन बोल्स याने ते १८६८ साली काढले आणि पुढच्याच वर्षापासून त्यात नामवंतांची रंगीत व्यंगचित्रे झळकू लागली. कार्लो पेलेग्रिनी ‘एप’ या, तर लेस्ली वॉर्ड ‘स्पाय’ या नावाने ती रेखाटत. मंत्री, न्यायाधीश यांच्या मालिकेत वूल्झली, गॉर्डन, रॉबर्ट्स, किचनेर हे सेनानीही आले. जो समाज आपल्या विजयी सेनापतींनाही हसू शकतो, तो किती उदारमनस्क, असा निष्कर्ष यातून काढला जातो.

हा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे. हसू कशाचे होते? लांब नाकाचे, झुपकेदार मिशांचे, ताठ कण्याचे. रणांगणावरील कृत्यांना कुंचला सहसा शिवत नसे. म्हणूनच या मालिकेत वर्णी लागणे हा अपमान नव्हे, तर प्रतिष्ठेचा शिक्का मानला जाई.

१८७० साली या पानावर लॉर्ड स्ट्रॅथनेर्न अवतरले. हे म्हणजेच सर ह्यू रोज, १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंची झाशी जिंकणारे सेनापती. शहर पडल्यावर तेथे झालेली कत्तल आणि लूट वरसईच्या विष्णुभट गोडशांनी डोळ्यांनी पाहिली आणि ‘माझा प्रवास’मध्ये नोंदविली. गोडशांच्या पानांवर प्रेतांचा खच आहे. लंडनच्या चित्रात एक सुसंस्कृत वृद्ध उमराव आहे. माणूस एकच!

इंग्रजी व्यंगचित्रकाराला निष्ठुर होता येत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. १८५७ साली कानपूरच्या बातम्यांनी लंडन खवळले, तेव्हा ‘पंच’मध्ये जॉन टेनिएलने ब्रिटिश सिंहाला बंगालच्या वाघावर झेप घ्यायला लावली. पाठोपाठ तलवारधारी न्यायदेवता शिपायांना कापीत निघालेली दाखविली, आणि त्या चित्राला नाव दिले ‘न्याय’. हिंदुस्थानी माणूस पशू ठरला. त्याला मारणाऱ्याच्या वाट्याला मात्र गुदगुल्या आल्या.

खरे व्यंगचित्र कसे असते, हे पॅरिसने दाखविले. ‘स्पाय’ने १८९९ मध्ये किचनेरला चितारले, तेव्हा ओम्दुरमानच्या लढाईला वर्षही झाले नव्हते. तेथे सुमारे दहा हजार सुदानी ठार झाले होते, तर किचनेरच्या सैन्यातील मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती. पुढे बोअर युद्धातील छळछावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक स्त्रिया व मुले दगावली. त्या छावण्यांवर १९०१ मध्ये झां व्हेबेर या फ्रेंच चित्रकाराने अख्खा अंक काढला. त्यात तारेच्या कुंपणामागची माणसे होती. परक्याला जे दिसले, ते घरच्या विनोदवीरांना का दिसू नये?

आणि विनोदाची ही मुभा होती तरी कोणाला? ज्या १८७० साली रोज यांचे चित्र छापले गेले, त्याच साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ कलम घातले गेले. त्याच कलमाखाली १८९७ मध्ये ‘केसरी’तील लिखाणासाठी लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. राज्यकर्त्यांनी आपल्या मिशांना हसावे ती संस्कृती. जितांनी त्यांच्या कारभारावर बोट ठेवावे तो द्रोह!

आज ही चित्रे लिलावांत विकली जातात, दिवाणखान्यांत टांगली जातात. ती अवश्य पाहावीत. रेषा खरोखरच देखण्या आहेत. मात्र पाहताना चौकटीबाहेर कोण राहिले, हेही विचारावे.