भीतीच्या तिजोरीला दोन किल्ल्या

ऑक्टोबर सरत आला की लोणावळ्याच्या हवेत गारवा येतो, पावसाळी गर्दी ओसरते आणि चिक्कीच्या दुकानांसमोरची मोटारींची रांग थोडी आखूड होते. अलीकडे या दिवसांत आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. रिसॉर्टांच्या आणि भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातींत दात विचकणारे लाल भोपळे, टोकदार टोप्यांच्या चेटकिणी आणि कापसाची कोळिष्टके झळकतात. ३१ ऑक्टोबरची हॅलोविनची रात्र आता घाटमाथ्यावर मुक्कामाला आली आहे.

त्यावरून घराघरांत दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, पितृपक्ष नुकताच झाला, दिवाळीचे दिवस, त्यात हे परदेशी भुतांचे थेर कशाला? नातवंडे म्हणतात, आजोबा, मजा असते ती! मला दोन्ही पक्षांशी भांडायचे नाही. फक्त एवढेच म्हणायचे आहे, की भूत देशी की विदेशी या वादात विचारण्यासारखा खरा प्रश्न राहूनच जातो.

भीतीचा खेळ आपल्याला मुळीच नवा नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा उभ्या राहतात आणि पहाटे जाळल्या जातात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बोहाड्यात मुखवटे घालून देव आणि राक्षस नाचतात. दशावतारातला काळा संकासुर आला की पुढच्या रांगेतली पोरे आईच्या पदराआड जातात, पण पदराच्या फटीतून पाहतातच. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि अमावास्येच्या रात्री तिथून येणाऱ्या हाकेची कहाणी पुणेकर आजही पाहुण्यांना चवीने सांगतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तर मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली, आणि वाचकांनी त्याबद्दल त्यांना दुवाच दिला.

हॅलोविनचे कूळही आपल्याला फार परके वाटू नये. आयर्लंडकडच्या केल्टिक लोकांत सुगी संपून हिवाळा लागताना एक सण असे, आणि त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे घराकडे फिरकतात अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली रात्र ती हॅलोविन. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तिथली माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला. पितरांसाठी कावळ्याला घास ठेवणाऱ्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काय आहे?

त्यात धंदा शिरला तो नंतर. शाळा सुरू झाल्या की अमेरिकेतली करमणूक उद्याने ओस पडत. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ साली हॅलोविनला आपले आवार भुताखेतांच्या हवाली केले. १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओने तोच कित्ता गिरवला. मंदीच्या महिन्यांत गल्ला भरू लागला. मोसमाचा खड्डा भरून काढणारी ही युक्ती कोणाही व्यापाऱ्याला समजेल, आणि पावसाळ्यानंतरच्या लोणावळ्याला ती कळायला वेळ लागला नाही.

आपल्या भोपळ्याची गोष्टही इथे आठवते. लेकीकडे जाऊन गुटगुटीत झालेली म्हातारी परतताना भोपळ्यात बसते. रानात वाघ आहे, कोल्हा आहे, पण ती आत आहे. ही गोष्ट ऐकताना मूल घाबरते आणि हसतेही, कारण भोपळा पक्का आहे याची त्याला खात्री असते. भीतीच्या साऱ्या खेळांचे मर्म एवढेच. वाघ बाहेर हवा आणि भोपळा मजबूत हवा.

यंत्रयुगात हा भोपळा लोखंडाचा झाला. रशियात पूर्वी हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून उंच घसरगुंड्या करीत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये त्या घसरगुंडीला चाके लागली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावरून कोळसा उतरवण्यासाठी १८२७ साली घातलेल्या रुळांवरून पुढे हौशी माणसे पैसे देऊन घसरू लागली. १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन याने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ नावाचा खेळ उभारला. तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सायकलीहूनही कमी. तरी लोकांनी रांगा लावल्या. आजच्या रोलर कोस्टरची ती पणजी.

स्विचबॅक म्हणजे गाडी एका टोकापर्यंत नेऊन, रूळ बदलून, उलट दिशेने काढणे. ही करामत आपल्या बोरघाटाने थॉम्प्सनच्या वीस वर्षे आधी पाहिली होती. १८६३ मध्ये घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला तेव्हा खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटवणारे एक स्टेशनच होते. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले. सदतीस फुटांत एक फूट असा हा चढ. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात. रेल्वेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. उमेदीची सारी वर्षे बँकेत काढलेल्या मला या नावाचे मोठे अप्रूप आहे. दिमाख पुढच्या इंजिनाचा, घाम मागच्याचा!

याच घाटात, जुन्या रस्त्यावर, शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा आणि बक्षीस म्हणून त्यांचीच गोळी खाणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकून हात जोडतात. रेल्वेने मात्र केवळ नाण्यावर भरवसा ठेवला नाही. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या जागी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि एवढे करूनही ती बेकाबू झालीच तर तिला चढावर नेऊन थोपवणारा वेगळा रूळ तयार असतो. देवाला नमस्कार आणि गाडीला दुसरा ब्रेक, दोन्ही लागतात.

या घाटाच्या पायथ्याशी, खोपोली-पाली रस्त्यावर, २०१३ मध्ये इमॅजिका हे उद्यान सुरू झाले. तिथल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरवर पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि गाडी ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने उलटीपालटी होते. ‘सलीमगढ’ नावाचे भूतघरही तिथे उभारले गेले. घाटमाथ्यावर कुणेगावची डेला आहे, लोणावळ्याजवळ वेट-एन-जॉयच्या पाणघसरगुंड्या आहेत. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडले तेव्हा मराठी मध्यमवर्गाने बोटीतून जाऊन जी मौज पहिल्यांदा चाखली, ती आता मावळच्या दाराशी आली आहे.

रोलर कोस्टर चढणीला लागला की खालून टकटक टकटक असा आवाज येतो आणि बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. खरे तर तो आवाज धीराचा आहे. गाडीखालची एक खिट्टी रुळामधल्या दातेरी पट्टीच्या एकेका दातावर पडत असते. साखळी तुटलीच, तर गाडी त्या दातावर अडकून राहावी, मागे घसरू नये, म्हणून ही योजना. १९१९ मध्ये जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने रुळाला खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. तेव्हापासून गाडी रुळावर नुसती बसत नाही, रुळाला वरून, बाजूने आणि खालून धरून ठेवते. एका मार्गावर दोन गाड्या असतील तर पुढची पुरेशी दूर गेल्याशिवाय मागची सुटत नाही. एक उपाय चुकला तर दुसरा हजर.

बँकेत आम्ही याला दोन किल्ल्यांची पद्धत म्हणू. तिजोरीला दोन कुलपे असतात. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि बंदही होत नाही. यात कोणाच्या सचोटीवर शंका नसते. माणूस थकतो, घाईत असतो, कधी घरच्या काळजीत असतो, म्हणून ही पद्धत. चांगल्या उद्यानात रोज सकाळी माणसे चढण्यापूर्वी पाळणा रिकामा फिरवतात, बोल्ट तपासतात, वहीत सही करतात. भारतीय मानक ब्युरोनेही अशा पाळण्यांसाठी आयएस १५४७५ या क्रमांकाचे मानक काढले आहे. आपण तिकिटाचे पैसे देतो ते किंकाळीसाठी असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ते त्या सकाळच्या सहीसाठी असतात.

ती सही नसली की काय होते, याच्या नोंदी जगभर आहेत. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सीतल्या एका उद्यानात, ट्रेलर जोडून बनवलेल्या भूतमहालाला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले दगावली. पाण्याचे फवारे नव्हते. अशा जागी धूर, काळोख आणि किंकाळ्या हा खेळाचाच भाग असतो. मग खरा धूर आणि खरी किंकाळी ओळखायची कशी? २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलच्या इतेवोन भागात हॅलोविनसाठी जमलेल्या गर्दीत, एका अरुंद उताराच्या गल्लीत, दीडशेहून अधिक तरुण-तरुणी चिरडून आणि गुदमरून मेल्या. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी चालता पाळणा तुटला आणि दोघे दगावले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेमिंग झोनमध्ये पंचवीसहून अधिक माणसे जळून गेली, त्यांत लहान मुले होती. अग्निशमन दलाचा दाखलाच नव्हता. या चारही ठिकाणी भुताने कोणाचे वाईट केले नाही.

आता पुन्हा मावळात येऊ. उद्यानाचे तिकीट चार माणसांच्या कुटुंबाला परवडतेच असे नाही. भुशी धरणाच्या पायऱ्यांना तिकीट नाही, धबधब्याला नाही, नदीवरच्या पुलालाही नाही. पाण्याच्या जोराला पाठ देऊन बसण्यात जी शिरशिरी आहे ती कोस्टरवरच्या शिरशिरीची सख्खी बहीण. पण इथे रूळ धरणारी चाके नाहीत आणि दातावर पडणारी खिट्टी नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत चार मुले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते.

कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याचा फलक होता. लोकांनी वाचला नाही, अशी तक्रार नंतर झाली. लोकांची चूक मी नाकारत नाही. पण फलक म्हणजे कुलूप नव्हे. उघड्या तिजोरीवर ‘आत पैसे आहेत, हात लावू नये’ अशी पाटी लावून कोणता अधिकारी रात्री घरी जाऊन झोपेल? दरवर्षी दुर्घटना झाली की मनाईहुकूम निघतो, पोलीस उभे राहतात, आणि चार रविवार गेले की पोलीस दुसऱ्या बंदोबस्ताला जातात. मनाई हा सोपा उपाय आहे. धबधब्याच्या वाटेवर कठडा, पाण्यावर नजर ठेवणारा पगारी जीवरक्षक, वरच्या बाजूला पाऊस वाढला की वाजणारा भोंगा, पुलावर एका वेळी किती माणसे याची मोजदाद आणि मोडकळीला आलेला पूल वेळेवर पाडणे, हा अवघड उपाय. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्याच्या वाटची दुसरी किल्ली सरकारने आणि स्थानिक संस्थांनी सांभाळायची असते. त्यासाठीच आपण कर भरतो.

काहीजण म्हणतील, एवढे मोजूनमापून केले तर मजा काय उरली? मजा तेव्हाच उरते. जत्रेतल्या आकाशपाळण्यावर आपली पोर वर जाते तेव्हा खाली उभ्या असलेल्या आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. पाळणा नीट उभारलेला आहे हे तिला ठाऊक असेल, तर तीही हात हलवून हसते. हे पाळणेवाले कष्टाळू असतात. गावोगाव फिरतात, एका रात्रीत सांगाडा उभा करतात, जत्रा संपली की एका रात्रीत उतरवतात. त्यांच्या कसबाला दाद द्यावी आणि त्यांच्या बोल्टांवर दुसऱ्या कोणाची नजरही असावी.

तेव्हा आजोबा, नातवंडांना हॅलोविनला जाऊ द्या. फार तर त्यांच्याबरोबर जाऊन त्यांना आपल्या वेताळाची गोष्ट सांगा. पण आत शिरण्याआधी दोन गोष्टी बघा. बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे, आणि ती कुलूपबंद तर नाही ना? पाळणा असेल तर चालवणाऱ्याला सरळ विचारा, आज सकाळी रिकामा फिरवून पाहिलात का? यात त्याचा अपमान नाही. बँकेच्या खिडकीवर ‘नोटा इथेच मोजून घ्या’ अशी पाटी असायची, आणि समोर नोटा मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा आम्हाला कधी राग आला नाही. पैसे मोजून घ्यायला आपण लाजत नाही, मग पोटची पोरे पाळण्यात बसवताना विचारायला कसली लाज?