वर काढलेल्या दोन खोल्या

नाशिकरोडकडून एकलहऱ्याकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी घरे दिसतात, ज्यांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया मोकळ्या सोडलेल्या आहेत. त्या सळयांत मालकाचा पुढचा बेत असतो. हाती चार पैसे आले की वर दोन खोल्या काढायच्या आणि भाड्याने द्यायच्या. सामनगाव, चाडेगाव, ओढा या सगळ्या पट्ट्यात घरमालक होण्याची सुरुवात अशीच होते. हा माणूस सल्ल्यासाठी मोठ्या सल्लागाराकडे जात नाही. तो येतो आपल्याकडे. इस्टेट एजंट, करार नोंदवून देणारे, वकील, छोटे ठेकेदार हे या मासिकाचे वाचक. तेव्हा त्याला पहिला सल्ला काय मिळतो याची जबाबदारीही आपलीच आहे.

आज त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: अमुक भाडे सहज येईल. आमच्या मते हे उत्तर चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आधी विचारायला हवे की या गावात खोली कोण घेतो आणि त्याचा पगार कशावर अवलंबून आहे.

एकलहऱ्यात या प्रश्नाचे उत्तर चिमणीकडे बोट दाखवून देता येते. येथे महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी दोन लहान संच सुरू झाले आणि पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन. लहान संच केव्हाच बंद झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच येणार, ही चर्चा गावाने वर्षानुवर्षे ऐकली आणि त्यासाठी आंदोलनेही केली. कोळशाच्या खाणी इथून लांब असल्याने वाहतुकीचा खर्च चढतो आणि इथली वीज महाग पडते. महाग विजेचा संच मागणी उतरली की आधी थांबवला जातो. संच थांबला की सर्वांत आधी कंत्राटी कामगाराची हजेरी तुटते, आणि खोलीचा भाडेकरू बहुधा हाच कामगार असतो. कायम नोकरीतल्या अभियंत्यांना आणि कर्मचाऱ्यांना वसाहतीत क्वार्टर मिळते. गावात खोली शोधतो तो ठेकेदाराचा फिटर, वेल्डर, चालक, सुरक्षारक्षक, शिकाऊ उमेदवार किंवा ओव्हरहॉलच्या कामासाठी महिना-दोन महिने आलेला बाहेरगावचा माणूस.

दुसरा ग्राहक विद्यार्थी. एकलहऱ्यात मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन. विद्यार्थ्यांच्या खोल्या परीक्षा संपताच मे-जूनमध्ये रिकाम्या होतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या तर त्या पुन्हा भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. तिसरा ग्राहक म्हणजे नाशिकरोडला किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे आणि शहरातले भाडे न परवडणारे कुटुंब. पहिल्यांदाच मालक होणाऱ्याने तिघांतला एक निवडायचा असेल तर आमचा कौल या तिसऱ्याला. कारण त्याची कमाई एका चिमणीवर किंवा एका प्रवेशफेरीवर टांगलेली नाही.

आता हिशेब. समजा, जमीन घरची आहे आणि वर दोन खोल्या, संडास-बाथरूम, जिना, टाकी धरून दहा लाख लागले. भाडे पाच हजार. वर्षाचे साठ हजार झाले. त्यातून रिकामे दोन महिने वजा केले की पन्नास. घरपट्टी, पाण्याची मोटार, गळणारा नळ, दर दोन-तीन वर्षांनी रंग, एजंटाचे एक महिन्याचे भाडे हे सगळे काढल्यावर हातात चाळीस हजार राहिले तरी चांगले. म्हणजे दहा लाखांवर चार टक्के. तेच दहा लाख साडेआठ-नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर हप्ता महिन्याला दहा हजारांच्या आसपास बसतो. हातात राहणारे भाडे निम्माही हप्ता भागवणार नाही, आणि रिकाम्या महिन्यात तर काहीच नाही. वीस-पंचवीस लाखांचा फ्लॅट कर्जावर घेऊन भाड्यातून हप्ता फेडण्याचा बेत या पट्ट्यात जमत नाही, हे एजंटाने गिऱ्हाईक गमावण्याची भीती न धरता सांगावे. स्वतःच्या साठवणीतून, स्वतःच्या घरावर, थोड्याच कर्जात काढलेल्या दोन खोल्या हीच इथली रास्त सुरुवात. घरावर मुलीच्या शिक्षणाचे किंवा आईवडिलांच्या औषधाचे ओझे असेल, तर तेवढेही कर्ज करू नये.

२०२७ च्या सिंहस्थाचे निमित्त पुढे करून नाशिकभर खोल्या काढायला सांगितले जात आहे. कामे निघतात, बाहेरची माणसे येतात, वर्ष-दीड वर्ष मागणी वाढते, हे खरे. पण ती मागणी पर्वणीबरोबर ओसरते आणि कर्जाचे हप्ते पुढे पंधरा वर्षे चालू राहतात.

कागदांकडे येऊ. खोली बांधण्याआधी तिच्याखालच्या जागेचा कागद पाहायला हवा. गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती असते. एवढ्याने जागेची मालकी सिद्ध होत नाही, हे अनेकांना माहीत नसते. घरपट्टीची नोंद कर आकारण्यासाठी असते. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, बिगरशेती परवानगी आणि मंजूर नकाशा हवा. शेतजमिनीतला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा नोटरीच्या कागदावर घेऊन त्यावर खोल्या काढणारे लोक आजही भेटतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि त्यात सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या असल्या, तरी नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी बदलत नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही, आणि पुढे विकायची वेळ आली की भाव निम्म्यावर येतो.

यानंतर येते ती भीती: भाडेकरू घर बळकावील. ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा जागा वापरण्याचा परवाना (लिव्ह अँड लायसन्स) चालू होता, ते भाडेकरू ठरले. जुन्या नाशकातले कित्येक वाडे याच इतिहासात अडकून पडले. मालकाला तुटपुंजे भाडे मिळते म्हणून तो डागडुजी करत नाही, भाडेकरू हक्क जाईल म्हणून हलत नाही, आणि पावसाळ्यात भिंती कोसळतात. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन पिढ्यांचे यात नुकसान झाले. ज्या आजोबांनी हे पाहिले ते नातवाला सांगतात की घर कुलूप लावून ठेव, पण भाड्याने देऊ नकोस.

मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि चित्र बदलले आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे असे की नोंदलेला करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर कलम २४ मालकाच्या बाजूला येते. मुदत संपूनही परवानाधारक गेला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. महापालिका हद्दीबाहेरच्या एखाद्या गावाला या कायद्यातली कोणती तरतूद कितपत लागू पडते, हे वकिलांनी त्या गावाचे नाव घेऊन तपासावे. नोंदणीकृत करार मात्र सगळीकडे करावा.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, मग नोंदणी कशाला?’ हे वाक्य आपल्या धंद्यात अजूनही ऐकू येते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, या जुन्या नियमातून अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर ती पळवाट उरलेली नाही. साठ महिन्यांपर्यंत मुदत ठेवता येते, आणि अकरा महिने ठेवले तरी नोंदणी लागतेच. खर्चही मोठा नाही. मुदतीतले एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. पाच हजार भाडे, पंधरा हजार अनामत आणि अकरा महिने मुदत असेल तर हे शुल्क दीडशे रुपयांच्या आत राहते. नोंदणी फी ग्रामीण भागात पाचशे, शहरात हजार. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या नोंदणी होते. जे सेवा पुरवठादार एवढ्या थोडक्या शुल्काच्या कामाला अडीच-तीन हजार सांगतात, तेच मालकाला साध्या स्टॅम्पपेपरकडे ढकलतात. आपली मजुरी सरकारी शुल्कापासून वेगळी दाखवावी, पावतीवर लिहावी.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक बारकावा नेहमी सुटतो. तंत्रनिकेतनात मुले दहावीनंतर येतात, म्हणजे त्यांची वये सोळा-सतरा. अठरा पूर्ण न झालेल्याचा करार कायद्यात टिकत नाही. तिथे सही पालकाचीच हवी. चार मुले एकत्र राहत असतील तर चौघांचीही नावे करारात असावीत. एकाच्या नावावर करार आणि राहणारे पाच, अशा खोलीत तक्रार झाली की उत्तर द्यायला कोणीच सापडत नाही. पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची ती याच यादीवरून.

आता एक गोष्ट, जी आम्ही सौम्यपणे लिहू शकत नाही. फोनवर आडनाव ऐकून ‘खोली गेली’ असे सांगण्याची पद्धत आपल्या धंद्यात आहे. जात, धर्म, एकटी राहणारी बाई, परप्रांतीय मजूर यांतले काहीही कारण पुरते. मालक ते थेट बोलत नाही, एजंटाकडून बोलवून घेतो, आणि आपण ते काम करतो. भाडे वेळेवर येईल का, घर नीट राखले जाईल का, याचा अंदाज आडनावावरून येत नाही. तो मागच्या घरमालकाला केलेल्या फोनवरून येतो, ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावरून आणि पगार जमा होतो त्या पासबुकावरून येतो. नव्या मालकाला हे तपासायला शिकवावे, आणि नुसते आडनाव विचारणाऱ्याचे काम घेऊ नये. राखेच्या गाड्यांवर राबणाऱ्या माणसाला त्याच गावात छप्पर मिळू नये, यात आपला हात असता कामा नये.

खोली दिल्यावरही मालकाचे काम संपत नाही. घर राहण्याजोगे ठेवणे ही त्याचीच जबाबदारी. एकलहऱ्यात राख गच्चीवर साचते, पन्हाळी तुंबवते आणि झाकण नीट नसलेल्या टाकीत उतरते. वर्षातून दोनदा टाकी धुणे आणि पावसाळ्यापूर्वी गच्ची झाडून घेणे भाड्यातच धरावे. लाइट बिलावरून होणारी भांडणे सर्वांत जास्त. प्रत्येक खोलीला वेगळे मीटर घेता आले तर घ्यावे. उपमीटर लावला तर महावितरणच्या बिलाची प्रत भाडेकरूला दाखवून येईल तेवढेच घ्यावे, त्यावर नफा काढू नये. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे कायद्याने मना आहे. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणेही बंधनकारक आहे. भाडे बँकेतून घेतले तर दोघांचाही पुरावा राहतो.

प्राप्तिकराची धास्ती अनाठायी आहे. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, मग कर्जावरचे व्याज. दुरुस्तीची बिले वेगळी दाखवता येत नाहीत, कारण ती त्या तीस टक्क्यांत धरली आहेत. नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. कर्ज काढून फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या नोकरदाराला हे आधीच सांगायला हवे.

शेवटी अनामत. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच अनामत सुचवली आहे. बारा-पंधरा हजार महिना कमावणाऱ्या कंत्राटी कामगाराकडून पाच महिन्यांची अनामत मागणे म्हणजे त्याला खाजगी सावकाराच्या दारी पाठवणे. दोन महिने पुरेत. खोली देताना भिंती, नळ, दरवाजे, मीटरचा आकडा यांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये असावेत. सोडताना तेच फोटो समोर ठेवून, काही कापायचे असेल तर लिहून द्यावे, आणि उरलेली रक्कम किल्ली घेताना त्याच वेळी परत करावी. एजंटाने त्या वेळी हजर राहावे. दलाली घेताना आपण हजर असतोच.