नागाचं नाणं आणि आपली लाज

दुपारची वेळ होती, पुरुषमंडळी दुकानात होती. आमच्या शेजारच्या काकूंनी तांदळाच्या डब्यात साठवलेले अकरा हजार रुपये काढले, दारात आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हातावर ठेवले आणि तांब्याचं एक नाणं घेतलं. एका बाजूला फणा काढलेला नाग, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. नाणं जागृत आहे, तांदूळ ओढून घेतं, महिन्याभरात हैदराबादचा व्यापारी लाखाला नेईल, असं तो सांगून गेला. काकूंनी ते देवघरात पार्श्वनाथांच्या पायाशी ठेवलं. व्यापारी काही आला नाही. सहा महिन्यांनी मला दाखवलं, तेही गळ्याची शपथ घालून. "ह्यांना कळू देऊ नकोस गं!"

मी जनावरांची नाणी जमवते, म्हणून काकू माझ्याकडे आल्या. देवादिकांची चित्रं आणि १८१८ साल असलेला असला अर्धा आणा कंपनीचं चलन नव्हताच. हे पुढे कुणीतरी पाडलेले बिल्ले. कंपनीचा खरा अर्धा आणा १८३५ चा, त्यावर कंपनीचं चिन्ह असतं, नाग नसतो. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनंच २०२१ मध्ये जाहीर केलं. आपल्यापर्यंत ते पोचलंच नाही.

समाजातले जाणते मला म्हणतात, बाईमाणसाला हा परिग्रह कशाला? माझा अख्खा डबा दोनशे रुपयांचा नाही. तुमच्या लॉकरात काय आहे ते मी विचारत नाही. पण या डब्यातून मी नातवंडांना लांछनं शिकवली. १९५० च्या एका पैशावर घोडा, संभवनाथांचा. त्याच वर्षीच्या अर्ध्या आण्यावर बैल, ऋषभनाथांचा. २०११ मध्ये चलनातून गेलेल्या चार आण्यांवर गेंडा, तो श्रेयांसनाथांचा. आणि सिंह, महावीरांचा, तो तर राजमुद्रेत प्रत्येक नाण्यावर आहे. सरकारने ती लांछनं म्हणून छापली नाहीत, हेही मुलांना सांगते. नाणं वाचता येणाऱ्या बाईला कुणी बिल्ला विकून दाखवावा!

नागावर श्रद्धा ठेवू नका, असं मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात, केसलापूरला, पौष अमावास्येला मेस्राम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी पायी आणून नागोबाची पूजा करतात. घरात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घालतात. तिथे सून चारचौघांत देवापुढे उभी राहते. आमची काकू मात्र दार लावून नाग विकत घेते.

आणि पार्श्वनाथांनी काय केलं? कमठ तापसाने पेटवलेल्या ओंडक्यात नाग-नागीण जळत होती. लोक तापसाच्या पाया पडत होते. पार्श्वकुमारांनी ओंडका फोडायला लावला आणि आत काय आहे ते सगळ्यांसमोर दाखवलं. गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. जीवदया घेतो, ओंडका फोडणं विसरतो.

बायांनो, काकू फसल्या यात त्यांचं पाप नाही. पण त्या गप्प राहिल्या आणि पलीकडच्या गल्लीत तोच माणूस तसंच नाणं विकून गेला. आपली लाज हेच त्याचं भांडवल. नवरा ओरडेल, जावा हसतील, मंदिरात चर्चा होईल. होऊ दे. बाईची साठवण तिची आहे, ती बुडाली तर बोलायचा हक्कही तिचाच. आणि जाणत्यांनो, हसायच्या आधी एवढंच सांगा, घरात अकरा हजार लपवून ठेवायची वेळ तिच्यावर कुणी आणली?

शेवटी काकूंनीच शपथ सोडवली. पुढच्या स्वाध्यायाला त्या नाणं घेऊन आल्या आणि चटईवर मधोमध ठेवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दोघीजणी उठल्या आणि घरून आपापलं नाणं घेऊन आल्या.