साफसफाईचं बिल कोणाच्या नावावर?

सिलिकॉन व्हॅलीत राहणारा एक तरी मित्र आपल्यापैकी प्रत्येकाला असतोच. गूगलच्या पाटीसमोरचा त्याचा फोटोही आपण पाहिलेला असतो. पण ही व्हॅली मुख्यतः ज्या सांता क्लारा काउंटीत येते, तिथे तब्बल २३ ‘सुपरफंड’ जागा आहेत, हे त्या मित्राला माहीत असतं का कोण जाणे. सुपरफंड जागा म्हणजे अमेरिकन सरकारच्या यादीतली विषारी जमीन. त्या देशातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत इतक्या नाहीत.

आपला धंदा स्वच्छ, असं आपण समजतो. धूर नाही, भोंगा नाही. पण सॉफ्टवेअरच्या आधी तिथे खरोखरचं सिलिकॉन होतं. चिपचे भाग धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं द्रावण वापरायचे, जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे, आणि टाक्या गळायच्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे उघडकीला आलं, तोवर ते भूजलात पोचलं होतं. माउंटन व्ह्यूमध्ये फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन यांच्या जुन्या कारखान्यांखालचं पाणी उपसून शुद्ध करण्याचं काम कित्येक दशकं चालू आहे. त्याच पट्ट्यात पुढे गूगलची ऑफिसं आली, आणि २०१२-१३च्या हिवाळ्यात तिथल्या हवेत याच द्रावणाची वाफ मर्यादेबाहेर सापडली. जमिनीतून वर आलेली! (आपण ज्याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतो ना, ते हेच. फक्त इथे व्याज नाकावाटे वसूल होतं.)

असो. मला खरा रस आहे तो पैशात. माउंटन व्ह्यूचा खर्च मुख्यतः त्या कंपन्यांकडून वसूल झाला, कारण डिसेंबर १९८०चा सुपरफंड कायदा भलताच खमक्या आहे. सरकार आधी साफसफाई करून नंतर कंपनीकडून पैसे वसूल करू शकतं, आणि आदेश धुडकावला तर वर खर्चाच्या तिपटीपर्यंत दंड. पण कंपनीच बुडालेली असेल तर? त्यासाठी कच्चं तेल आणि रसायनं यांवर कर लावून वेगळा निधी केला होता. ज्या धंद्यातून विष निघतं, त्याच धंद्याने वर्गणी काढायची. सरळ हिशोब.

१९९५च्या शेवटी या करांची मुदत संपली आणि संसदेने ती वाढवली नाही. २००३पर्यंत निधीचा खडखडाट. मग खर्च कोणावर? सामान्य करदात्यावर. रसायनांवरचा कर परत आणायला २०२१चा कायदा लागला आणि तेलावरचा आणायला २०२२चा. म्हणजे पाव शतक तेल आणि रसायनवाले या वर्गणीतून सुटले.

आता आपल्याकडे या. जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम काढले. तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं फक्त सातांवर. ज्याने घाण केली त्याने पैसे भरायचे. तो सापडला नाही किंवा भरू शकला नाही, तर केंद्र आणि राज्य मिळून भरणार. इथवर उत्तम. पण या कामासाठी त्या धंद्यावर वेगळा कर मात्र नाही. म्हणजे दिवाळखोर कारखान्याचं बिल तुमच्या-माझ्या फॉर्म १६वर!

‘मग सरकारने पैसे घालूच नयेत’ हे मला अजिबात पटत नाही. दोषी ठरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर भोपाळ होतं. १९८४च्या त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा हलला कधी, तर जानेवारी २०२५मध्ये. आसपासची माती आणि पाणी अजून तसंच. तेव्हा सरकारने आधी खर्च करावाच, पण उचल दिल्यासारखा. कोणाकडून वसूल करणार ते आधी ठरवून.

आणि साफ झालेल्या जागेचं काय? मुंबईत देवनारच्या कचराभूमीवरचा १८५ लाख टन कचरा काढायला महापालिकेने २०२५मध्ये सुमारे २,३६८ कोटींची निविदा काढली. त्यातली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी ठरलेली आहे. कचरा आपण मुंबईकरांनीच टाकलाय, तेव्हा खर्चाबद्दल माझी कुरकुर नाही. पण जनतेच्या पैशाने जमिनीची किंमत वाढणार असेल, तर त्या वाढीतला वाटा महापालिकेला किती, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. आणि तिथे राहायला जाणाऱ्याला जमिनीखालच्या वायूचे आकडे किल्लीबरोबर मिळायला हवेत. बांधकाम झाल्यावर फटी बुजवत बसण्यात अर्थ नाही.

कर लावला की उद्योग पळून जातील, असं कुणीतरी म्हणेलच. अमेरिकेत २०२२पासून ४२ रसायनांवर जो कर परत लागला, तो जास्तीत जास्त किती आहे माहितीये? टनाला दहा डॉलरच्या आत.