आधी आईचं ताट!

कुणाच्याही बीच हॉलिडेचे फोटो बघा. सुरमई थाळीचा क्लोजअप असतो, सोलकढीची वाटी असते, थम्स-अप दाखवणारे बाबा असतात. आणि आई? ती फ्रेमच्या बाहेर, हातात घास घेऊन पोरामागे पळतेय!

गेल्या हिवाळ्यात आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावहून थेट मालवण गाठलं. दादा, वहिनी, तीन वर्षांची भाची आणि मी. भाचीसाठी समुद्र म्हणजे टीव्हीतली गोष्ट आणि जेवण म्हणजे ज्वारीची भाकर नाहीतर वरणभात. समुद्र बघून ती नाचली, ताट बघून रडली. पहिल्या रात्री एका चकाचक रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर यायलाच पाऊण तास लागला. तोवर मॅडमनी मिठाची डबी टेबलावर उपडी केली आणि मग भोकाड. वहिनी तिला कडेवर घेऊन बाहेर येरझारा घालत राहिली. परत आली तेव्हा पापलेट पार गार.

"राहू द्या ताई, मले सवय हाय," म्हणाली.

ही सवयच मला खटकली, बॉस. वर्षातून एकदा सुट्टी, तीही बाईनं गार घास गिळत काढायची?

दुसऱ्या दिवशी आम्ही फंडाच बदलला. रेस्टॉरंट कॅन्सल, घरगुती खाणावळ इन! सकाळीच फोन करायचा, किती माणसं ते सांगायचं आणि पोरांना भूक लागते त्या वेळेला, म्हणजे गर्दीच्या आधी, हजर व्हायचं. फोनवरच विचारायचं, साधा भात मिळेल का? कोकणात बऱ्याच घरी उकड्या तांदळाचा भात असतो. दाणा जाड, चव निराळी. आपल्या पोरांना तो पहिल्या फटक्यात पटेलच असं नाही. मासा मागवायचा तो मसाल्याशिवाय, नुसतं हळद-मीठ लावून तळलेला. पापलेट किंवा सुरमई बेस्ट, कारण काटे काढायला सोपे. बांगडा जरा जपून आणि तारली तर नकोच, बारीक काटे फार. तरी प्रत्येक घास बोटांनी चाचपूनच द्यायचा. तिसऱ्या, कुर्ल्या पहिल्यांदा चाखवायच्या तर त्या परगावात नकोत. अंगावर पित्त उठलं तर अनोळखी गावात डॉक्टर कुठे शोधणार? सोलकढीचा गुलाबी रंग पोरांना खुणावतोच, पण तीत मिरची-लसूण असते. एक वाटी बिनतिखट काढून ठेवा म्हणावं. (पावसाळ्यात जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताजं काय आहे ते सरळ विचारा.)

पण आमची भाची जिंकली ती शिरवाळ्यांनी. तांदळाच्या वाफाळत्या शेवया आणि गुळाचा गोड नारळरस. दोन वाट्या! मासा तिनं चाखला तोही त्यानंतर, स्वतःहून.

आणि खरा नियम हा: पाळी लावायची. पहिली वहिनी. तिचं ताट आलं की दादानं भाचीला घेऊन बाहेर होड्या मोजायला जायचं. वहिनीचा शेवटचा घास होईपर्यंत परत यायचं नाही! दादा कुरकुरला. भूक त्यालाही होतीच की. पण गेला.

वहिनीनं तुकडा मोडला, बोट भाजलं, हसली. "पापलेट एवढं गरम असते काय?"

तिसऱ्या दिवशी आम्ही दारात पोचलो तर खाणावळीच्या काकूंनीच दादाला फर्मावलं, "तुम्ही निघा होड्या मोजूक!"