शब्दांची बिऱ्हाडे : मॅगझिन

आपण हातात धरला आहे त्या अंकाला इंग्रजीत ‘मॅगझिन’ म्हणतात, हे आपल्या घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच मुलाला बंदुकीच्या ‘मॅगझिन’बद्दल विचारावे, तर तो सिनेमा पाहून अधिकच ठसक्यात सांगेल. मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या मला मात्र या शब्दाने यंदा चांगलेच तोंडघशी पाडले. तीच हकीकत या दिवाळीला सांगतो.

आमच्या महाविद्यालयात भाषांतराची अंतर्गत परीक्षा असते. उताऱ्यात एक वाक्य होते, ‘हिज मॅगझिन वॉज एम्प्टी.’ जखमी शिपाई आपली जागा सोडत नाही, असा प्रसंग. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘त्याची मॅगझिन रिकामी झाली होती.’ मी तांबड्या शाईने ‘मॅगझिन’ खोडले, वर ‘दारूखाना!’ असे उद्गारचिन्हासह लिहिले आणि दोन गुण कापले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण आपल्या भाषेत शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला, म्हणून ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवले. मुलगी मान खाली घालून बसली.

माझ्या डोक्यात दारूखाना कुठून शिरला, तेही सांगतो. त्याच आठवड्यात मी 1857 सालावरचे एक पुस्तक वाचत होतो. 11 मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले, तेव्हा तिथले मॅगझिन, म्हणजे दारूगोळ्याचे कोठार, लेफ्टनंट विलोबी याने मूठभर साथीदारांनिशी काही तास लढवले आणि हाती जाऊ नये म्हणून उडवून दिले. त्याची दारे काश्मिरी दरवाज्याजवळ आजही उभी आहेत. मुंबईत रे रोडला दारूखाना म्हणून वस्तीच आहे आणि तिथल्या एका रस्त्याचे नाव मॅगझिन स्ट्रीट! इतका सज्जड पुरावा खिशात असल्यावर माणसाला शंका कशी यावी?

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आले. धोतर, वर काळा कोट, मिशा पांढऱ्या पण पीळ शाबूत. मुलीचे आजोबा. सातारकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले.

‘‘नातीनं धाडलं न्हाई मला, मास्तर. तिला ठावंच न्हाई मी आलोय ते,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचं चष्म्याचं घर देता का जरा?’’

मी दिले. टेबलावरचे खडूचे तुकडे त्यांनी त्यात एकाखाली एक रचले. ‘‘ह्या गोळ्या. खाली स्प्रिंग. वरची गेली की खालची वर येती. ही झाली मॅगझिन. मी भरती झालो तवा थ्री-नॉट-थ्री हुती, तिच्यात धा गोळ्या. पाच-पाच गोळ्यांच्या पट्टीला क्लिप म्हनायचं, ती वरनं दाबून मॅगझिन भरायची. शिनुमावाले मॅगझिनलाच क्लिप म्हंत्यात, त्यांचं सोडा. पुढं एसेलार आली, तिची ईस गोळ्यांची.’’

मी म्हणालो, ‘‘सुभेदारसाहेब, पण मूळ अर्थ कोठार असाच आहे ना?’’

‘‘आसंल की. तुमी शिकलेली मानसं.’’ ते जरा थांबले. ‘‘एकाहत्तरला शेजारच्या मोर्चात माझा जोडीदार हुता. सकाळी गावला तवा मॅगझिन रिकामी आन् बोट घोड्यावर. आता तिथं तुमी दारूखाना लिवलात, तर त्यो गोदामाचा पहारेकरी हुतोय, मास्तर.’’

खडू टेबलावर ओतून, चष्म्याचे घर रुमालाने पुसून त्यांनी माझ्या हातात दिले. चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी कोश काढले. शब्द मूळचा अरबी. ‘खझन’ म्हणजे साठवणे, त्यावरून ‘मखझन’ म्हणजे साठवणीची जागा. आपला ‘खजिना’ आणि आपले ‘खजिनदार’ याच घराण्यातले. इटलीत त्याचे ‘मागात्झिनो’ झाले, फ्रान्समध्ये ‘मागाझँ’, आणि आज फ्रेंच माणूस त्या शब्दाने साधे दुकान ओळखतो. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात कोठार म्हणून आला आणि लवकरच लष्कराच्या ताब्यात गेला. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, आगीपासून दूर असलेली दारूची खोली तीही मॅगझिनच. पुढे 1731 साली एडवर्ड केव्ह याने लंडनमध्ये ‘जेंटलमन्स मॅगझिन’ काढले. नानाविध मजकुराचे कोठार, ही त्यामागची कल्पना. तेव्हापासून छापील अंकाला हे नाव चिकटले. जेम्स पॅरिस ली याने 1879 मध्ये पेटीच्या मॅगझिनचे पेटंट घेतले. सुभेदारांच्या थ्री-नॉट-थ्रीच्या ‘ली-एनफील्ड’ नावातला ली तो हाच. अख्खी इमारत होती, ती शिपायाच्या मुठीत मावू लागली!

आणखी एक गंमत. छापील मॅगझिन आपण नपुंसकलिंगी करतो, ‘ते मॅगझिन’. सुभेदार मात्र ‘ती मॅगझिन’ म्हणत होते. हे फौजेतल्या हिंदीचे देणे. नातीनेही ‘रिकामी’ असेच लिहिले होते. म्हणजे लिंगसुद्धा तिने घरातून अचूक आणले होते, आणि मी, व्याकरणाचा मास्तर, ते पाहिलेच नव्हते. आता कोणी म्हणेल, मराठीत ‘गोळ्यांची पेटी’ का लिहू नये? लिहावे, पण पेटी म्हटले की लाकडी खोके डोळ्यांपुढे येते. मला तरी अजून बरा शब्द सुचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाक्य पुन्हा वाचले आणि चूक कोणाची होती ते सांगितले. मुलीने आधी खिडकीबाहेर पाहिले, मग वहीत काहीतरी लिहू लागली. गुणांची यादी विभागप्रमुखांकडे गेलेली होती. ती परत मागवून अकराचे तेरा केले. अशा वेळी शेजारच्या रकान्यात बदलाचे कारण लिहून सही करावी लागते. मी लिहिले, ‘परीक्षकास शब्दाचा अर्थ माहीत नव्हता.’ प्रमुखांनी वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘कोणता शब्द?’’